आधी चिप, मग लस

माझी उभी हयात गाईम्हशींच्या मागच्या बाजूला उभं राहण्यात गेली. यात विनोद काही नाही. सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरची ओळख जनावराच्या तोंडापेक्षा शेपटीशीच जास्त असते. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा, आडवं आलेलं वासरू फिरवायचं आणि बाहेर आलं की त्याच्या नाकातोंडातला चिकटा आपल्याच बोटांनी काढायचा. मग गोठ्यात कुणीतरी तांब्याभर गरम पाणी आणि अंगाच्या साबणाची वडी आणून देतं. तेवढ्यात चहा येतो आणि आपण जगातले सगळ्यात मोठे सर्जन असल्यासारखं वाटतं. परंड्यापासून तुळजापूरपर्यंत माझ्या कुठं कुठं बदल्या झाल्या, त्याची यादी देऊन वाचकांची दिवाळी मी खराब करणार नाही.

निवृत्त झालो आणि धाराशिवात घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना टाकला. वाटलं होतं, ओळखीचे शेतकरी येतील. पण तोवर बैलांच्या जागी ट्रॅक्टर येऊन उभे राहिले होते. दारात येऊ लागले ते कुत्रीमांजरं कडेवर घेतलेले नोकरदार लोक. स्वेटर घातलेलं कुत्रं मी पहिल्यांदा टेबलावर घेतलं त्या दिवशी संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, त्याला थंडी वाजत असेल." मे महिना होता.

त्याच सुमारास एक नवीनच प्रकार सुरू झाला. पोरं परदेशी गेली, मागोमाग त्यांची जनावरंही निघाली. तुळजापूरचे एक लॉजवाले गृहस्थ पिंजरा घेऊन आले. आत पोपट. मुलगा दुबईला आहे, त्याला पाठवायचा, दाखला द्या म्हणाले. मी सांगितलं, "हा पोपट पाळणं हाच गुन्हा आहे. परदेशाचं सोडा, आधी माझ्या टेबलावरून उचला." ते दुखावले. म्हणाले, "डॉक्टर, ह्यो देवीचं नाव घेतो. ह्याला कोण अडवणार?" पोपटानं तेवढ्यात मला एक सणसणीत शिवी दिली. एक शिक्षक जोडपं मांजर कॅनडाला घेऊन निघालं होतं. त्यांनी गावातल्या सुताराकडून बाभळीचा पिंजरा करून घेतला होता. तो उचलायला दोन माणसं लागायची आणि आत सव्वातीन किलोची मांजर. मी म्हणालो, "गुरुजी, मांजर विमानात चढेल, पिंजऱ्यासाठी जहाज बघा."

बाहेरच्या माणसाला या कामाची कल्पना नसते, म्हणून साध्या भाषेत सांगतो. माणसाला पासपोर्ट लागतो तशी कुत्र्याला अंगात चिप लागते. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते, ती जाड सुईनं मानेमागं कातडीखाली सोडायची. वरून यंत्र फिरवलं की पंधरा आकडे उमटतात. मरेपर्यंत तोच त्याचा नंबर. मग कुत्रं पिसाळू नये म्हणून द्यायची लस. किमान तीस दिवस थांबायचं, रक्त काढायचं आणि मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. लसीनं रक्तात पुरेशी ताकद आली की नाही, ते तिथं बघतात. युरोपला जायचं असेल तर रिपोर्ट उत्तम येऊनही रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने कुत्र्यानं इथंच काढायचे. शेवटी तब्येतीचा दाखला, मुंबईच्या सरकारी क्वारंटाइन कार्यालयातली तपासणी आणि विमान कंपनीच्या मापाचा पिंजरा. त्यात कुत्र्याला उभं राहता यायला हवं, वळता यायला हवं. गुंगीचं इंजेक्शन मात्र द्यायचं नाही. ते सगळेच मागतात. वर विमानात त्यानं श्वास अडकला तर तिथं बघायला कुणी नसतं.

हे सगळं मला पाठ होतं. आता माझी चूक सांगतो.

येडशीच्या अलीकडं एका वाडीवर बिरुआप्पा म्हणून मेंढपाळ राहतात. नोकरीत असताना त्यांच्या मेंढरांना लस द्यायला मी कितीदा गेलो असेन. तीसचाळीस मेंढरं, दोन खोल्या आणि बोलायचं अगदी मोजकं. बायको गेली तेव्हा पोरगी, कोमल, बारावीत होती. त्याच वर्षी तिला रस्त्याकडेला एक काळंभोर पिल्लू सापडलं. डोळेसुद्धा उघडले नव्हते. तिनं शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून ते जगवलं. नाव ठेवलं भुंग्या. आईच्या मागं त्या पोरीला त्या पिल्लानंच सावरलं, असं आप्पा म्हणायचे. पुढं कोमल सोलापूरला नर्सिंग शिकली, पुण्यात राहून जर्मन भाषा शिकली आणि जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली. भुंग्या आप्पांच्या मेंढरांमागं राहिला. त्या रानात लांडगा आहे, त्यामुळं मेंढपाळाला चांगलं कुत्रं म्हणजे घरातला कर्ता माणूसच.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी दुधाचा टेम्पो माझ्या दारात थांबला आणि त्यातून आप्पा भुंग्याला घेऊन उतरले. एसटीत कुत्र्याला कोण घेणार?

"डाक्टरसाहेब, ह्याला जर्मनीला धाडायचंय."

मी चष्मा काढून त्यांच्याकडं बघितलं. "आप्पा, चेष्टा करताय का?"

"न्हाय वो. कोमलकडं धाडायचा. पोरगी परवा फोनवर रडली. म्हनली, आप्पा, दिसभर त्यांचीच भाषा बोलती. खोलीवर आलं की आपलं बोलाया भिताडाबिगर कुनी न्हाय. भुंग्या आसता तर त्येच्यासंगं तरी बोलले आसते."

"अहो, ते पोरगी बोलली असेल सहज."

"तिची आय गेली तवाबी ती येवढी रडली न्हवती."

मी विचारलं, "मग तुम्हीच का जात नाही?"

"म्या जाऊन काय करू? मेंढरं हायती. आन म्या किती दिस पुरनार तिला? ह्यो आजून सा-सात वर्सं काडील." त्यांनी भुंग्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात लगेच मागं घेतला. "लळा लावत न्हाय मी. जायाचंच हाय त्येला."

मी कोमलशी फोनवर बोललो. तिला आधी खरं वाटेना. मग आठ दिवसांत तिनं घरमालकाची लेखी परवानगी मिळवली, आश्रमातल्या मोठ्या बाईंना विचारून कुत्र्याला कामावर आणायची सोय केली आणि मला जर्मनीच्या नियमांचा कागद पाठवला. मी तो वाचला. लाल पेनानं खुणा केल्या.

आप्पा दुसऱ्यांदा भुंग्याला घेऊन आले तेव्हा चिप आलेली नव्हती. धाराशिवात ती मिळत नाही. पुण्याहून मागवली होती, यायला आठपंधरा दिवस लागणार होते. आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. दवाखान्यात आलेलं जनावर तसंच परत पाठवायचं नाही. माणूस उन्हातून कोसभर जनावर ओढत आणतो, आणि आपण "औषध संपलंय, परवा या" म्हणायचं? निदान जंताची गोळी तरी घालायची. चाळीस वर्षं मी ही रीत पाळली आणि मला तिचा अभिमान होता. दुसरी सवय लसीकरणाच्या फेरीतली. गावात गुरांना लस टोचायची आणि कानात नंबराचा पिवळा बिल्ला मारायचा, तर आम्ही आधी लस टोचतो. बिल्ला आधी मारला की कान दुखून जनावर असं उधळतं की पुन्हा हाताला लागत नाही. लस आधी, नंबर मागून. हजारो जनावरं मी अशी केली.

"आलाच आहात तर लस टोचून टाकतो," मी म्हणालो. "चिप आली की मीच वाडीवर येऊन बसवतो. तुमची एक खेप वाचेल."

आप्पांनी हात जोडले. मला बरं वाटलं. बारा दिवसांनी चिप आली, मी स्कूटरवर जाऊन बसवली. वहीत दोन्ही तारखा सुवाच्य अक्षरात लिहिल्या. महिन्यानं रक्त काढलं. रिपोर्ट उत्तम आला. तीन महिने आम्ही थांबलो.

गणपतीत कोमल तीन आठवड्यांची सुट्टी काढून आली. भुंग्यानं तिला दोन वर्षांनी बघितलं आणि तो तिच्याभोवती इतका फिरला की शेवटी चक्कर येऊन खाली बसला. रात्रंदिवस तिच्या पायाशी. ती विहिरीवर गेली तरी मागं. मेंढरांकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही. आप्पा म्हणाले, "बगा, कुनाचं कुत्रं हाय ते."

विमानाला दहा दिवस होते. जनावरांच्या प्रवासाची कामं करणाऱ्या मुंबईतल्या एका बाईंना मी सगळ्या कागदांचे फोटो पाठवले. तासाभरात त्यांचा फोन आला.

"डॉक्टर, चिपची तारीख लसीच्या नंतरची आहे."

"हो. बारा दिवसांनी बसवली."

"मग ती लस धरत नाहीत. लसीवर उभी असलेली रक्ततपासणीही धरत नाहीत. लस दिली ते कुत्रं हेच, याला पुरावा काय?"

"अहो, मी स्वतः टोचली ना! मी बघितलंय त्याला."

"तुम्ही बघितलं हो. चिपनं नाही बघितलं."

मी कपाटातून तो कागद काढला. पहिलीच ओळ होती, मीच लाल रेघ मारलेली. आधी चिप, मग लस. मी तो कागद वाण्याच्या यादीसारखा वाचला होता. साखर आधी घेतली काय आणि चहा आधी घेतला काय, घरी दोन्ही आलं म्हणजे झालं.

ही गोष्ट फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. थर्मासमध्ये बर्फ आणि लस घेतली, चिप वाचायचं यंत्र घेतलं आणि वाडीवर गेलो. कोमल ओट्यावर बसली होती. भुंग्याचं डोकं तिच्या मांडीवर. बाजूला पुण्याहून आणलेला नवाकोरा पिंजरा आणि त्यावर तिनं इंग्रजीत त्याचं नाव लिहून चिकटवलेलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने.

कोमलनं पिंजऱ्यावरच्या नावाच्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काका, पाच महिने झाले. एक तारीख तर बघायची होती." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

आप्पा म्हणाले, "म्हंजी आजून चार म्हयनं हितंच?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांना लपवता आलं नाही. आनंद नव्हता तो. पण अंगावरचं ओझं क्षणभर कुणी धरावं, तसं त्यांना हायसं वाटलं होतं. मी ते बघितलं. वाईट हे की कोमलनंही बघितलं.

"आप्पा," ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्येला हितंच. तुमाला सोबत हुईल. मी करीन कसंबी."

आप्पा एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "गप बस! तकडं भिताडासंगं बोलत बसतीस, ती ऱ्हाऊ दे व्हय? मला न्हाय लागत सोबत. डाक्टर, पयल्यापास्नं करा."

मी यंत्र फिरवलं. पंधरा आकडे तीनदा मोठ्यानं वाचले, कोमलनं कागदाशी ताडून बघितले आणि मगच लस टोचली. कोमल सुट्टी संपल्यावर एकटीच परत गेली. पिंजरा ओट्यावर राहिला.

एकदा हात पोळला की माणूस फाजील काळजी करतो. त्या चार महिन्यांत मी आप्पांना नियमांनी बांधून टाकलं. कुत्र्याला मोकळं सोडायचं नाही. पिसाळलेलं भटकं कुत्रं चावलं तर पुन्हा सगळं मुळापासून. रानात न्यायचं नाही.

"मग लांडग्याला कोन बगल?" आप्पांनी विचारलं.

"पुतण्याचं कुत्रं आणा. पण हा घरात राहील. तुमच्या डोळ्यांसमोर."

खरं तर नियमात असं काहीच नव्हतं. ती माझी भीती होती. पण आप्पांनी माझा शब्द पाळला. जे कुत्रं आजवर मेंढरांच्या जाळीशी झोपायचं, ते त्यांच्या बाजेच्या पायाशी झोपू लागलं. आप्पा रानात गेले की कुत्रं बांधलेलं, आप्पा आले की सुटलेलं. त्याला मग दुसरं कुणी नाहीच. दिवसभर ते त्यांची वाट बघायचं. भाकरी त्यांच्या हातून, पाणी त्यांच्या हातून.

पिंजऱ्याची सवयही करायची होती. उघड्या रानातलं कुत्रं त्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाय ठेवीना. मी सांगितलं, घरातलं काही अंथरा, वास ओळखीचा वाटेल. आप्पांनी स्वतःचं घोंगडं मधोमध फाडलं आणि अर्धं आत घातलं. ते फाडताना त्यांच्या जिवावर आलं होतं. तरी भुंग्या आत जाईना. एका रविवारी मी गेलो तर आप्पा स्वतःच गुडघ्यांवर रांगत अर्धे पिंजऱ्यात शिरले होते. बाहेर फक्त धोतर आणि दोन वहाणा. आतून आवाज येत होता, "ये की रं. बग, काय न्हाय हितं. म्या हाय की." आणि भुंग्या शेपटी हलवत त्यांच्या शेजारी आत घुसला. मी पोट धरून हसलो. आप्पाही बाहेर येऊन हसले. ज्या माणसाच्या तोंडून मी वर्षानुवर्षं चार शब्दांवर पाचवा ऐकला नव्हता, तो आता कुत्र्याशी बोलत होता. रानात काय झालं, कोणती मेंढी लंगडते, पाऊस कुठवर आला, सगळं त्याला सांगायचे. मला वाटलं, काम छान चाललंय. दुसरं काही मनात आलं नाही.

जानेवारीत कोमलला जेमतेम पाच दिवसांची सुट्टी मिळाली. ओळखीची जीप ठरवली आणि आप्पा, मी, भुंग्या मुंबईला गेलो. कोमल विमानानं थेट तिथंच उतरली. या खेपेला कागदांत बोट ठेवायला जागा नव्हती. क्वारंटाइन कार्यालयातल्या डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, आकडे जुळले, शिक्का बसला. मी एकेक तारीख इतक्या वेळा बघितली होती की ते म्हणाले, "डॉक्टर, पहिल्यांदाच आलात वाटतं."

दुपारी विमानतळावर भुंग्याला पिंजऱ्यात घालायची वेळ आली. कोमल खाली बसली, हात पुढं करून म्हणाली, "ये, भुंग्या, ये." त्यानं तिचा हात चाटला, शेपटी हलवली आणि वळून आप्पांकडं बघितलं. तिनं पुन्हा बोलावलं. तो आप्पांच्या पायाला अंग घासून उभा राहिला. गणपतीत तिच्यामागं विहिरीवर जाणारं कुत्रं ते हेच. चिप तीच होती, पंधरा आकडे तेच होते.

चार महिन्यांत काय झालं होतं ते तेव्हा मला कळलं.

शेवटी आप्पाच खाली बसले. पिंजऱ्याच्या दारात हात ठेवून म्हणाले, "जा." भुंग्या लगेच आत गेला. त्यांनी दार लावलं, चारी बाजूंच्या कड्या मी तपासल्या. कोमल बापाच्या पाया पडली. आप्पा तिला म्हणाले, "थंडी लई आसती म्हनं. त्येला भायेर नगं बांदू."

परतीच्या वाटेवर पुण्यापर्यंत आप्पा खिडकीतून आभाळाकडं बघत होते. मग म्हणाले, "मधी कुटं खाली सोडत्यात का त्येला?"

"नाही आप्पा. थेट."

"मग मुतायचं कसं त्यानं?"

"आत शोषून घेणारा कागद अंथरलाय."

"हां," म्हणाले.

आता हिशेब लावला तर काम फत्ते झालं. भुंग्या तिकडं रमला. कोमल त्याला आश्रमात घेऊन जाते. तिथले म्हातारे त्याच्यासाठी बिस्किटं जपून ठेवतात. कुणाशीच न बोलणारे एक आजोबा त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागले, असं तिनं सांगितलं. संध्याकाळी खोलीवर आली की ती भुंग्याला दिवसभराचं सगळं आपल्या बोलीत सांगते. आवाजातला तो ताण गेलाय तिच्या. वाडीवर लांडग्यानं दोन कोकरं नेली. आप्पांनी मला सांगितलं आणि लगेच म्हणाले, "कोमलला कळू दिऊ नगा."

वाडीवर नेट नीट चालत नाही आणि आप्पांचा फोन साधा, बटणांचा; त्यावर परदेशातून बोलणं महागाचं, दोनचार मिनिटांचं. म्हणून दर रविवारी दुपारी ते माझ्या दवाखान्यात येतात आणि माझ्या फोनवरून आम्ही व्हिडिओ कॉल लावतो. पहिल्या रविवारी पडद्यावर भुंग्या दिसला आणि आप्पांनी रानातल्या आवाजात हाक मारली, "भुंग्याऽऽ! आरं, हिकडं बग की!" भुंग्या ताडकन उठला. कुत्र्याला पडद्यावरचं चित्र उमगत नाही, आवाज बरोबर उमगतो. त्यानं कोमलच्या फोनच्या मागं हुंगलं, पलंगाखाली बघितलं, मग दाराशी जाऊन दार खरवडायला लागला. आप्पा हसत होते. पाणी यायला लागलं डोळ्यांतून, तरी हसत होते.

बुधवारी कोमलचा मला फोन आला. भुंग्या तीन दिवस दारापासून हलला नव्हता. अन्नाला तोंड लावत नव्हता. ती चाचरत म्हणाली, "काका, आप्पांना वाईट वाटंल. पण त्यांचा आवाज ऐकला की त्याला वाटतं ते दाराबाहेर उभे हायत. मी बोलताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवीन, असं सांगाल का त्यांना?"

रविवारी मी सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मलाच ठाऊक. आप्पांनी ऐकून घेतलं.

"दुसऱ्या खोलीत कशापायी?" ते म्हणाले. "त्येला म्होरं बसवाया सांगा. म्या बोलत न्हाय."

तेव्हापासून असंच चाललंय. भुंग्या समोर असतो आणि आप्पा तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. त्यांना पोरीशी बोलायचं असतं, तरीही नाही. खुणा करतात आणि मी बोलतो. ते गळ्याशी बोट नेतात, मी म्हणतो, "पट्टा सैल कर म्हणतात." ते पोटावर हात फिरवतात, मी म्हणतो, "तू जेवलीस का, विचारतात." कोमल सांगत राहते आणि ते मान हलवत ऐकतात. बापलेकीच्या मधे दुभाषा म्हणून मी बसलोय, आणि दोघंही मराठीच बोलणारी. तो कागद मी नीट वाचला असता तर भुंग्या गणपतीतच गेला असता, तिचा म्हणून गेला असता. आणि बाप दर रविवारी पोरीशी पोटभर बोलला असता. आप्पांना हे कळत नसेल असं नाही. त्यांनी मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

परवाच्या रविवारी कोमल म्हणाली, "काका, आप्पांना सांगा, पुढच्या वर्षी मी येते. भुंग्याला घिऊनच येते." मला ते कागद, ती तपासणी, ते दिवस सगळं आठवलं, पण मी मान डोलावली. आप्पांनी हात वर करून तिला आशीर्वाद दिला. भुंग्या तिच्या शेजारी जांभई देऊन आडवा झाला. तिनं फोन ठेवला.

आप्पा पडद्याकडं बघत राहिले. तो काळा झाला होता.

"बंद झाला न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"झाला."

"नीट बगा. तकडं आयकू जात न्हाय न्हवं?"

मी फोन हातात घेऊन नीट बघितलं आणि पुन्हा टेबलावर ठेवला. "नाही जात, आप्पा."

मग ते टेबलावर वाकले, तोंड फोनजवळ नेलं आणि म्हणाले, "भुंग्या, जेवलास का रं?"